कीबोर्डवरच्या १६० बाय ४३ पिक्सेलांत खेळ बसवताना

आमच्या खेळाच्या मागण्यांच्या यादीत ‘कीबोर्डवरच्या पडद्यावर जहाजाची माहिती दाखवा’ ही मागणी फार जुनी होती. खेळ मुक्त स्रोत आहे, जीपीएल परवान्याखाली, म्हणजे कोड कुणालाही वापरता-बदलता येतो, पण प्रोग्राम वाटायचा तर त्याचा कोडही खुला ठेवावा लागतो. अंतराळात जहाज घेऊन फिरायचं, एका बंदरावरचा माल दुसऱ्या बंदरावर विकायचा, वाटेत लुटारू आडवे आले तर लढायचं. फावल्या वेळात कोड लिहिणारी मोजकी माणसं हा खेळ चालवतात, त्यामुळे अशी कामं मागे पडतात. ज्यांच्याकडे पडदावाले कीबोर्ड होते, ते खेळाडू मात्र अधूनमधून त्या मागणीखाली ‘अजून वाट बघतोय’ असं लिहून जायचे. शेवटी मी ते काम अंगावर घेतलं. ते करताना काय काय लागलं ते इथे सविस्तर लिहितोय, कारण आपल्या खेळात असं काही घालू पाहणाऱ्या कुणाला तरी त्याचा उपयोग होईल, आणि मला स्वतःला हे काम मनापासून आवडलं.

आधी यंत्राबद्दल. लॉजिटेकचा जी१५ कीबोर्ड २००५ साली आला. त्याच्या माथ्यावर उघडमीट करता येणारा एलसीडी होता: १६० पिक्सेल रुंद, ४३ पिक्सेल उंच, एकरंगी. पिक्सेल एक तर काळा, नाही तर कोरा. मधली छटा नाही. पडद्याखाली चार छोटी बटणं आणि पडद्यावरचे प्रोग्राम एकामागून एक बदलायला एक वेगळं गोल बटण. जी१३ हा एका हाताचा गेमपॅड आणि नंतरचा जी५१० कीबोर्ड, दोन्हींवर याच मापाचा पडदा आहे. २००९ च्या जी१९ वर रंगीत पडदा आला, ३२० बाय २४० चा. २०१४ च्या जी९१० वर पडदाच नव्हता, त्याजागी फोन उभा करायची सोय होती. मग छोटा पडदा मला पुन्हा भेटला तो स्टीलसीरीजच्या एपेक्स ७ आणि एपेक्स प्रोवर, १२८ बाय ४० च्या ओलेडच्या रूपात, म्हणजे ज्याचा प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो असा पडदा.

१६० गुणिले ४३ म्हणजे ६,८८० पिक्सेल. १९२० बाय १०८० च्या नेहमीच्या मॉनिटरवर २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल असतात, म्हणजे तीनशेपटीहून जास्त. हा आकडा मी कागदावर लिहून समोर ठेवला होता. पुढचे सगळे निर्णय त्यातूनच निघाले.

लॉजिटेकच्या एसडीकेतली, म्हणजे कंपनीने विकसकांना दिलेल्या कोडसंचातली, एलसीडीची फंक्शन्स मोजकी आहेत. सुरू कर, कीबोर्ड जोडलेला आहे का ते सांग, चित्र घे, अमुक ओळीवर मजकूर लिही, बटण दाबलेलं आहे का ते सांग, पडदा ताजा कर, बंद कर. एकरंगी पडद्यावर मजकुराच्या चार ओळी मिळतात. रंगीत पडद्यावर शीर्षक आणि आठ ओळी. चित्र द्यायचं तर एका पिक्सेलला एक बाइट, म्हणजे ६,८८० बाइटांची सरळ यादी. बाइटची किंमत १२८ किंवा त्याहून जास्त असेल तर पिक्सेल पेटतो. याहून सोपं काय असणार? पडद्यावर इंधनाचा आकडा उमटायला फारसा वेळ लागला नाही.

खरं काम त्यानंतरचं होतं. दाखवायचं काय?

मागणीत स्पष्ट लिहिलं होतं: शील्ड, जहाजाचं कवच, दारूगोळा. मी तेच दाखवणारं बिल्ड, म्हणजे खेळाची चाचणीची प्रत, बनवलं आणि ज्यांच्याकडे हे कीबोर्ड होते अशा काही खेळाडूंना दिलं. त्यांनी खेळताना स्वतःचं चित्रण करून पाठवलं, कॅमेरा चेहऱ्यावर रोखलेला. ते चित्रण बघताना एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते: लढाईत कुणीही खाली बघत नाही. नजर मॉनिटरवर खिळलेली असते. शील्ड संपत आली तरी मान खाली जात नाही, कारण मॉनिटरवरून कीबोर्डवर नजर नेऊन, आकडा वाचून परत वर येईपर्यंत समोरचा दोन वेळा गोळी झाडून मोकळा होतो. खाली बघायचे ते वेगळ्याच वेळी: लांबचा प्रवास चालू असताना, बंदराला जहाज लावताना, बाजारात माल निवडताना.

तेव्हापासून प्रत्येक माहितीला मी एकच प्रश्न विचारू लागलो: ही वाचायला खेळाडूकडे किती वेळ आहे? सेकंदाच्या आत कळायला हवी असेल तर ती मॉनिटरवरच राहिली पाहिजे, कीबोर्डवर नेली तर ती हरवली म्हणून समजा. निवांत बघायची, मध्येच एकदा खात्री करून घ्यायची माहिती असेल तर तिला कीबोर्डसारखी दुसरी जागा नाही. माझ्या मते कीबोर्डवरच्या पडद्याबद्दल ठरवण्यासारखी गोष्ट हीच आहे, बाकी सगळी तिची अंमलबजावणी. ‘जीव किती उरला’ हा आकडा अशा पडद्यावर टाकून मोकळं होणं फार सोपं आहे, आणि मग खेळाडू तो पडदा बघायचाच सोडून देतो.

या चाळणीतून शील्ड आणि दारूगोळा बाहेर पडले. आत आले ते असे: पुढचा मुक्काम आणि तिथवर उरलेल्या उड्या, हातातल्या कामगिरीची मुदत, आहे त्या इंधनात किती अंतर कापता येईल, कोठारात काय आणि किती भरलंय, आणि सोबत्यांच्या शेवटच्या दोन ओळी.

सगळ्यात मोलाचं ठरलं ते मात्र भावांचं पान. आमच्या खेळात माल घेताना खेळाडूला दोन भाव एकाच वेळी हवे असतात: इथला आणि जिथे विकायचा तिथला. बाजाराचा पडदा उघडला की नकाशा बंद होतो, नकाशा उघडला की बाजार. लोक दुसऱ्या बंदराचे भाव कागदावर लिहून ठेवायचे. आता बंदर सोडताना बटण दाबलं की तिथल्या निवडक मालाचे भाव कीबोर्डवर राहतात आणि पुढच्या बंदराच्या बाजारात शिरल्यावर नजरेसमोर असतात. मॉनिटरवर यासाठी आम्ही किती तरी खिडक्या आणि सरकपट्ट्या आखून पाहिल्या होत्या. जागा नेहमी अपुरी पडायची. दुसऱ्या पडद्यावर ती अडचण आपोआप सुटली, कारण तो पडदा काहीच झाकत नाही.

एक अपवाद ठेवला. इंधन धोक्याच्या पातळीखाली गेलं की सगळा पडदा उलटा होतो, काळ्याच्या जागी कोरा आणि कोऱ्याच्या जागी काळा, आणि काही क्षण तसाच आलटून पालटून उघडमीट करतो. डोळ्याच्या कोपऱ्यातून माणसाला अक्षरं वाचता येत नाहीत, पण एवढा मोठा बदल जाणवतो. तो वाचावा लागत नाही, म्हणून तो चालतो. तोही फक्त प्रवासात. लढाई चालू असली की ही सूचना गप्प राहते आणि मॉनिटरवरची सूचनाच काम करते.

मांडणी मी चौकटीच्या कागदावर केली, एक चौकोन म्हणजे एक पिक्सेल. इंधनाची पट्टी बरोबर १०० पिक्सेल रुंद ठेवली, म्हणजे एक पिक्सेल म्हणजे एक टक्का आणि गोलाकारणीचा प्रश्नच मिटला. आकडे उजवीकडे टेकवले. डावीकडून मांडले तर १०० चे ९९ होताना सगळा आकडा बाजूला उडी मारतो, आणि अशी उडी नजर विनाकारण खेचते. आणखी एक बारीक गोष्ट: मोजमाप ७१.५ च्या आसपास रेंगाळत असेल तर पडद्यावर ७१ आणि ७२ सतत बदलत राहतात. एकरंगी एलसीडीचे पिक्सेल मुळात संथ असतात, त्यामुळे असा आकडा नुसता काळपट ठिपका दिसतो. म्हणून दाखवलेला आकडा तेव्हाच बदलायचा जेव्हा खरं मोजमाप पुढच्या आकड्यात पुरेसं आत गेलेलं असेल. आकडे सेकंदाला चारपेक्षा जास्त वेळा बदलू द्यायचे नाहीत, हाही नियम केला.

आता कोडकडे. खेळ सेकंदाला ६० फ्रेम दाखवतो, म्हणजे एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. त्यातच नकाशा, भौतिकी, आवाज, नेटवर्क, सगळं. कीबोर्डचं फंक्शन हे आपल्या ताब्याबाहेरच्या सॉफ्टवेअरला आणि त्यामागच्या यूएसबीला साद घालतं. बहुतेक वेळा ते लगेच परत येतं. पण ‘बहुतेक वेळा’वर खेळाचा मुख्य लूप, म्हणजे प्रत्येक फ्रेमला फिरणारं कामांचं चक्र, सोडायचा नसतो. म्हणून पहिल्या ओळीपासून हे काम वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे खेळाच्या शेजारी स्वतंत्रपणे चालणाऱ्या कामाच्या धाग्यावर, ठेवलं.

दोन थ्रेडमध्ये देवाणघेवाण कशी करायची यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. एका सहकाऱ्याचं म्हणणं होतं की संदेशांची रांग ठेवावी. मी त्याच्या विरोधात होतो. रांग ठेवली की पडद्याचा थ्रेड कधी मागे पडला तर तो जुने संदेश एकेक करून दाखवत बसतो, आणि खेळाडूला पाच सेकंदांपूर्वीचं इंधन दिसतं. इथे इतिहासाची कुणाला गरज नाही. पाटीवर लिहावं, पुसावं, नवं लिहावं, एवढंच. म्हणून एकच जागा ठेवली. खेळाचा थ्रेड जहाजाची अवस्था एका छोट्या स्ट्रक्चरमध्ये (माहितीच्या गठ्ठ्यात) भरून त्या जागी ठेवतो आणि पुढे जातो. पडद्याचा थ्रेड सेकंदाला दहा वेळा जागा होतो, त्या जागेवर जे असेल ते उचलतो, ६,८८० बाइटांचं चित्र तयार करतो, आधीच्या चित्राशी ताडून पाहतो, आणि फरक असेल तरच कीबोर्डला पाठवतो. प्रवासात बराच वेळ काहीच बदलत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष पाठवणं फार कमी होतं.

याचा फायदा चाचणीत दिसला. एका खेळाडूने खेळ चालू असताना ज्या यूएसबी हबवर कीबोर्ड होता तो हबच उपटला. पडदा ताजा करणारं फंक्शन काही सेकंद परतच आलं नाही. खेळ मात्र एका फ्रेमनेही अडखळला नाही. हब परत जोडल्यावर दर काही सेकंदांनी ‘जोडलेला आहे का’ विचारणाऱ्या तुकड्याने कीबोर्ड शोधून काढला आणि पडदा जिथे होता तिथून पुढे चालू झाला. हे असंच वागायला हवं. कीबोर्डवरचा पडदा ही वरची सोय आहे. तिच्यापायी खेळ थांबला तर ती सोय नको म्हणायची पाळी येते.

परवान्याचा प्रश्न याहून किचकट होता. आमचा कोड जीपीएलखाली, एसडीके बंदिस्त. बंदिस्त लायब्ररी जीपीएल प्रोग्रामला थेट जोडून त्याची बांधीव (कंपाइल केलेली) प्रत वाटायची का, यावर आमच्यात एकमत नव्हतं, आणि अशा बाबतीत शंका असताना पुढे रेटणं मला पटत नाही. तोडगा म्हणून पडद्याचा भाग वेगळा छोटा प्रोग्राम केला. खेळ त्याच्याशी स्थानिक सॉकेटवरून, म्हणजे एकाच संगणकावरच्या दोन प्रोग्रामांना जोडणाऱ्या वाहिनीवरून, बोलतो आणि त्याला जहाजाची अवस्था कळवतो. चित्र काढणं आणि कीबोर्डशी बोलणं हे त्या प्रोग्रामचं काम. मंबल या आवाजी गप्पांच्या मुक्त प्रकल्पातही जी१५ साठी असाच वेगळा मदतनीस प्रोग्राम आहे, त्यामुळे ही वाट अगदीच नवखी नव्हती. शिवाय मदतनीस कोसळला तरी खेळाला धक्का लागत नाही आणि ज्याला नको त्याने तो बसवलाच नाही तरी चालतं. थ्रेड काढून टाकला नाही. तो आता फक्त सॉकेटवर लिहितो.

लिनक्सवर तर गोष्ट आणखी उघडी आहे. तिथे जी१५डीमन नावाचा मुक्त प्रोग्राम पार्श्वभूमीला चालतो आणि टीसीपीच्या १५५५० क्रमांकाच्या पोर्टवर (नेटवर्क जोडणीच्या दारावर) कान देऊन बसतो. जोडणी झाली की तो आधी आपलं नाव सांगून नमस्कार करतो, मग आपण कुठल्या प्रकारचा बफर (चित्राचा साठा) देणार ते चार अक्षरांत सांगायचं, आणि नंतर प्रत्येक चित्राला ६,८८० बाइट पाठवायचे. विंडोजसाठी तयार केलेलं चित्र तिथे जसंच्या तसं चाललं. हे पाहून फार बरं वाटलं, कारण चित्र काढणारा भाग एकदाच लिहावा आणि शेवटची पाठवणी तेवढी बदलावी हीच मूळ कल्पना होती.

कुतूहल म्हणून प्रत्यक्ष कीबोर्डला काय जातं तेही बघितलं. तिथे एका पिक्सेलला एक बिट पुरतो. एकूण ९९२ बाइटांचा संच जातो: सुरुवातीचे ३२ बाइट मथळ्याचे, ज्यातला पहिला ३, आणि पुढचे ९६० चित्राचे. चित्र आडव्या ओळींनी साठवत नाहीत. पडद्याचे आठ-आठ पिक्सेल उंचीचे आडवे पट्टे पाडतात आणि प्रत्येक बाइटमध्ये एकाखाली एक असे आठ पिक्सेल बसवतात. असे सहा पट्टे, प्रत्येकी १६० बाइट. सहा पट्टे म्हणजे ४८ ओळी, पण काच ४३ ओळींचीच आहे, म्हणून शेवटच्या पट्ट्यातल्या फक्त तीन ओळी दिसतात. हे माहीत असलं की तळाशी नेमक्या किती ओळी मिळतात याबद्दल मनात संभ्रम राहत नाही.

स्टीलसीरीजची रीत निराळी आहे. तिथे डीएलएल, म्हणजे आपल्या प्रोग्रामला जोडायची तयार लायब्ररी, नाही. त्यांचा प्रोग्राम संगणकावरच एक छोटा एचटीटीपी सर्व्हर चालवतो आणि आपण त्याला जेसॉन, म्हणजे ठरावीक साच्यातला मजकूर, पाठवायचं. सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट एका ठरावीक फाइलमध्ये लिहिलेला असतो. पोर्ट दर वेळी बदलू शकतो, म्हणून फाइल प्रत्येक वेळी वाचायची. आपला खेळ आणि त्यातल्या घटना आधी नोंदवायच्या, घटनेला पडद्याची मांडणी जोडायची, आणि मग खेळताना फक्त ‘इंधन: ७२’ एवढं कळवत राहायचं. पिक्सेलांऐवजी अर्थ पाठवायचा, ही कल्पना मला फार आवडली. एकाच घटनेवर पडदाही बदलतो आणि कळांचे दिवेही.

दोन गोष्टींकडे तिथे लक्ष ठेवावं लागलं. ठरावीक वेळ, मुळात १५ सेकंद, काहीच कळवलं नाही तर सर्व्हर समजतो की खेळ संपला आणि पडदा सोडून देतो. आमच्या शांत प्रवासात तर मिनिटभर काहीच बदलत नाही! म्हणून अधूनमधून ‘मी आहे’ असं सांगणारा ठोका पाठवायचा. दुसरं, तोच आकडा पुन्हा पाठवला तर मांडणी पुन्हा काढली जात नाही. इंधनाला हे योग्यच आहे. पण सोबत्यांच्या ओळींत आकडा दुय्यम असतो आणि मजकूर बदलतो, त्यामुळे तिथे ‘आकडा ऐच्छिक’ असं नोंदणीतच सांगावं लागतं.

भावांचं पान मात्र तयार मांडणीत बसेना. तिथे आम्ही पूर्ण चित्रच पाठवलं: १२८ गुणिले ४०, एका पिक्सेलला एक बिट, म्हणजे ६४० बाइट. आणि ओलेड असल्यामुळे एक खबरदारी. ओलेडवर तीच आकृती तासन्‌तास पेटती ठेवली तर तिचा डाग कायमचा उमटू शकतो. म्हणून चौकटी आणि मथळे अधूनमधून एक पिक्सेल इकडेतिकडे सरकतात, आणि खेळ मेनूवर रेंगाळला तर पडदा कोरा होतो. दुसऱ्याच्या कीबोर्डची काळजी घेणं हाही या कामाचाच भाग आहे.

माझा सगळ्यात जास्त जीव गुंतला तो देवनागरीत. खेळाचा मराठी अनुवाद आधीच होता आणि मॉनिटरवर तो छान दिसायचा. १६० बाय ४३ वर तोच फॉन्ट लहान करून पाहिला तर शिरोरेषा फाटलेली आणि मात्रा चिखलासारख्या. करड्या छटा नसल्या की संगणकाने आपोआप आखलेलं लहान देवनागरी अक्षर टिकत नाही. लॅटिन अक्षर पाच बाय सातच्या चौकटीतही वाचता येतं. आपल्या अक्षराला शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा आणि अनुस्वार लागतात आणि खाली उकार. मग अक्षरं हातानेच ठिपक्याठिपक्याने आखायला घेतली. वरच्या चिन्हांना तीन ओळी, शिरोरेषेला एक, अक्षराच्या अंगाला सात, खालच्या उकाराला तीन: एकूण चौदा. तीन चौदा बेचाळीस. ४३ ओळींच्या पडद्यावर मराठीच्या तीन ओळी बरोबर बसतात आणि एक ओळ शिल्लक राहते. हे गणित जमलं तेव्हा मला खरोखर आनंद झाला.

अंगाला सात ओळी म्हणजे तारेवरची कसरत. ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ या जोड्यांत या मापावर फरक उरतो तो जवळजवळ शिरोरेषेतल्या फटीचा. भ आणि ध यांच्या माथ्यावरची रेघ डावीकडे तुटलेली असते. ती फट एका पिक्सेलची ठेवली तर शेजारच्या अक्षराच्या रेघेत मिसळून जाते. कोठाराच्या पानावर ‘भार’ असं लिहिलेलं होतं आणि दोघा जणांनी ते ‘मार’ वाचलं. म्हणून फट दोन पिक्सेलांची केली आणि भ च्या डाव्या टोकाला आत वळणारा एक ठिपका वाढवला. सुलेखनाच्या दृष्टीने तो ठिपका तिथे शोभत नाही, पण हातभर अंतरावरून शब्द बिनचूक वाचता येतो, आणि इथे तेवढंच महत्त्वाचं.

जोडाक्षरं सगळी आखणं अशक्य होतं, तशी गरजही नव्हती. पडद्यावर येणारे मराठी शब्द ठरलेले आहेत. एक छोटी स्क्रिप्ट लिहून अनुवादाच्या फाइलमधून त्यांतली सगळी जोडाक्षरं वेचून काढली आणि तेवढीच आखली. खेळाडूंची नावं आणि गप्पा यांत मात्र काहीही येऊ शकतं. तिथे आखलेलं जोडाक्षर नसेल तर पाय मोडलेलं अक्षर दाखवून पुढचं अक्षर शेजारी ठेवतो. सुंदर नाही, पण वाचता येतं. अक्षरांचा क्रम लावायला, म्हणजे ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी नेणं वगैरे, हार्फबझ ही लायब्ररी खेळात आधीपासून होतीच.

बटणांबद्दल थोडक्यात. एसडीके एवढंच सांगतं की या क्षणी बटण दाबलेलं आहे की नाही. आपण सेकंदाला अनेकदा विचारतो, त्यामुळे एकदा दाबलेलं बटण अनेकदा दाबलेलं दिसतं. मागच्या वेळची स्थिती जपून ठेवायची आणि ‘आधी नव्हतं, आता आहे’ तेव्हाच कृती करायची. चार बटणांची वाटणी: मागचं पान, पुढचं पान, भाव टिपून ठेव, सूचना पुसून टाक. स्टीलसीरीजवर ही बटणं नाहीत, म्हणून याच चार कृती खेळाच्या नेहमीच्या कळ-जोडणीतही दिल्या.

लॉजिटेकच्या जुन्या एलसीडी लायब्ररीत पडद्याच्या अग्रक्रमाच्या पायऱ्या होत्या, ‘दाखवूच नको’पासून ‘तातडीचं’पर्यंत. सतत वरच्या पायरीवर बसलं की आपला खेळ सगळ्यांच्या पुढे दिसत राहतो, हा मोह टाळला. खेळाडूने त्या पडद्यावर घड्याळ किंवा गाण्याचं नाव लावलेलं असू शकतं. पडदा त्याचा आहे. आमचा खेळ साध्या पायरीवर राहतो आणि इंधनाच्या सूचनेपुरता वर येतो.

न्यायाचा मुद्दा एका सहकाऱ्याने मांडला आणि तो योग्यच होता. खेळात अनेक जण एकमेकांविरुद्ध खेळतात. पडदावाला कीबोर्ड विकत घेतला म्हणून कुणाला जास्त माहिती मिळता कामा नये. त्यामुळे नियम असा केला की कीबोर्डवर जे दिसेल ते मॉनिटरवरही कुठे ना कुठे मिळालंच पाहिजे, आणि सर्व्हरने खेळाडूला न दाखवलेली गोष्ट अवस्थेच्या त्या स्ट्रक्चरमध्ये शिरताच कामा नये. टिपलेल्या भावांचं पान या नियमात अडलं. मॉनिटरवर त्याला समांतर असं काही नव्हतं. म्हणून बाजाराच्या पडद्यावर ‘टिपलेले भाव’ दाखवणारी घडीची पट्टी वाढवली, साध्या कीबोर्डवाल्यांसाठी. यामुळे काम लांबलं, पण ज्यांच्याकडे पडदा नव्हता त्यांनाही या सगळ्यातून काहीतरी मिळालं.

तपासणी करणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे असा कीबोर्ड नव्हता. न बघितलेल्या गोष्टीला ‘ठीक आहे’ म्हणा असं त्यांना कसं सांगणार? म्हणून खेळात विकसकांसाठी एक खिडकी घातली, जी तेच ६,८८० बाइट चौपट मोठे करून मॉनिटरवर दाखवते. चार बटणंही माउसने दाबता येतात. ती आल्यावर सूचनांचा ओघ वाढला. एकाने पट्टीची चौकट काढायला लावली, तिने विनाकारण दोन ओळी खाल्ल्या होत्या. एकीने कोठाराच्या पानावर मोकळी जागा आधी दाखवायला सांगितली, कारण बाजारात शिरताना तोच प्रश्न पहिला असतो. शिवाय ठरावीक अवस्थेतून निघणारी चित्रं जपून ठेवली आहेत. कोड बदलला की नवी चित्रं त्यांच्याशी पिक्सेलागणिक ताडली जातात. इतक्या लहान पडद्यावर एक पिक्सेल सरकला तरी ‘भ’चा ‘म’ होतो, त्यामुळे ही चाचणी अनाठायी नाही.

पॅच मर्ज झाला, म्हणजे हा बदल मुख्य कोडमध्ये सामील झाला, तो अशा रूपात: मदतनीस प्रोग्राम वेगळा, मुळात बंद, सेटिंगमध्ये एक खूण केली की चालू. चालू केल्यावर कीबोर्ड सापडला नाही तर तो कुरकुर करत नाही, शांतपणे वाट बघतो. बाहेरून आलेल्या प्रतिक्रियांत भावांच्या पानाचा उल्लेख सगळ्यात जास्त आहे. शील्ड परत दाखवा असं काही जणांनी म्हटलं आहे. त्यांच्यासाठी पर्याय म्हणून एक पान ठेवलं आहे, पण ते यादीत शेवटी येतं, आणि माझं मत अजून तेच आहे.

उरलंय ते जी१९ चं. रंगीत पडद्यावर ७६,८०० पिक्सेल आहेत आणि प्रत्येकाला चार बाइट, तेव्हा आताची पानं नुसती ताणून तिथे टाकणं मला मान्य नाही. एवढ्या जागेत जवळच्या ताऱ्यांचा नकाशा बसतो, आणि नकाशा ही निवांत बघायचीच गोष्ट आहे. अवस्थेच्या स्ट्रक्चरमध्ये शेजारच्या बंदरांची यादी वाढवली आहे, चित्र काढणारा भाग लिहायला घेतला आहे. तो कीबोर्ड ज्यांच्याकडे अजून चालू आहे त्यांनी चाचणीसाठी कळवावं. नकाशावरची मराठी नावं कुठल्या मापाची ठेवायची, हे मला प्रत्यक्ष काचेवर बघूनच ठरवायचं आहे.